कारवानी कुत्रा आणि तीन खोल्यांचे बिऱ्हाड

मराठीचा मास्तर असल्यामुळे मध्यंतरी मी एक उद्योग करून पाहिला. कुत्र्याशी बोलायला आपल्या भाषेत शब्द तरी किती आहेत, ते मोजले. 'यू यू' हा एक बोलावण्याचा. बाकी सारे 'हाड', 'हट', 'चल नीघ' या जातीचे, आणि तेही संपले की पायातली वहाण. शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, हा निकाल तर आपण केव्हाच देऊन ठेवला आहे. तेव्हा शिकवायचा प्रश्नच उरत नाही!

हा उद्योग सुचला तो विश्रामबागेतल्या आमच्या खालच्या बिऱ्हाडामुळे. गृहस्थ बँकेत, सौ. शाळेत शिक्षिका, चिरंजीव आठवीत. त्यांनी जतकडच्या एका धनगराकडून कारवानी पिल्लू आणले आणि त्याचे नाव ठेवले पवन. लांब निमुळते तोंड, खोल छाती, काठीसारखे पाय. मुधोळ संस्थानचे राजे घोरपडे यांनी ही जात जोपासली म्हणून तिला मुधोळ हाउंडही म्हणतात. आता बागलकोट जिल्ह्यात असलेले मुधोळ सांगलीहून शंभरेक किलोमीटरवर आहे. 2005 साली टपाल खात्याने या कुत्र्याचे तिकीट काढले. लष्करानेही पुढे त्याची पारख केली, आणि 2016 साली मुधोळची पिल्ले प्रशिक्षणासाठी मेरठला गेली.

पण तिकिटावरचा कुत्रा निराळा आणि तीन खोल्यांतला निराळा. ससा दिसला की त्याच्यामागे वाऱ्यासारखे सुटायचे, यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घडवलेले हे जनावर. 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झाले. काम गेले, पण पाय राहिले. ते पाय घेऊन पवन दिवसाचे आठ तास गॅलरीत बांधलेला! वर्षाच्या आत त्याने चपलांचे पाच जोड, कोचाचा काथ्या आणि हार्मोनियमचा भाता फस्त केला. औषध म्हणून वर्तमानपत्राची सुरळी होतीच. गेल्या वर्षी गणपतीत तो मुलावर गुरगुरला, तेव्हा गृहस्थांनी जाहीर केले, "दसरा झाला की माळावर सोडून येतो." पोराने जेवण टाकले. पाळलेले जनावर असे उपाशी मरायला सोडणे हा 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मी त्यांना सांगितले. पण कायद्याने हार्मोनियम वाजत नाही.

त्याच सुमारास लष्कराच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले, सातारा जिल्ह्यातले एक सुभेदार माझ्याकडे उतरले होते. त्यांना खाली नेले. पवनने केरसुणीच्या काड्या केल्या होत्या आणि कान पाडून, अंग चोरून तो कोपऱ्यात बसला होता.

"बघा, चूक कळलीय त्याला," गृहस्थ म्हणाले.

"साहेब, त्याला चूक नाही, तुमचा आवाज कळलाय," सुभेदार म्हणाले.

मला हे चमत्कारिक वाटले. पण पुढे वाचले, तो सुभेदारांचेच म्हणणे खरे. 2009 साली अलेक्झांड्रा होरोविट्झ या विदुषींनी याचीच परीक्षा घेतली होती. कुत्र्यांनी खाऊ चोरलेला असो वा नसो, मालक रागावला की ती अपराधी दिसत. निरपराध कुत्री तर काकणभर जास्तच! तासाभराने दिलेल्या शिक्षेतून कुत्रा एवढेच शिकतो की, घरी परतणारा माणूस धोक्याचा.

गुरगुरण्याबद्दलही सुभेदारांनी बजावले. गुरगुरणे ही सूचना आहे. ती मारून बंद केली, तर पुढच्या खेपेला कुत्रा सूचनेवाचून चावेल.

मग त्यांनी शिकवणी मांडली. मूठभर भाजलेले शेंगदाणे (मीठ न लावलेले) आणि भाकरीचे तुकडे, एवढेच साहित्य. पवन आपणहून बसला की त्याच क्षणी "छान!" म्हणायचे आणि तुकडा द्यायचा. क्षण चुकला की धडा चुकला. नको ते करील तेव्हा ओरडायचे नाही, त्याऐवजी काय करायचे ते दाखवायचे: चप्पल सोडून जाड दोरखंड चावला की "छान!" सकाळचे जेवण थाळीत न देता जुन्या गोणपाटाच्या घड्यांत दडवायचे. नाकाने शोधत अर्धा तास खपला की तो दोन तास निवांत झोपतो. संध्याकाळी आयर्विन पुलापलीकडे, सांगलवाडीच्या बाजूच्या मोकळ्या रानात, लांब दोरीवर हवे तितके हुंगू द्यायचे. ही हौस नव्हे, खुराक आहे. गृहस्थांना हे लाड वाटले. सुभेदार हसले. "बॉम्ब हुडकणारा कुत्रा चेंडूवर राबतो, साहेब. पगार न देता तुम्ही तरी बँकेत जाल का?"

पोर्तुगालमध्ये 92 कुत्री तपासून 2020 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच सांगतो: दरडावून, हिसके देऊन शिकवलेल्या कुत्र्यांच्या लाळेत ताणाची खूण अधिक सापडली. हे वाचताना, का कोण जाणे, मला माझ्या वर्गातला शेवटचा बाक आठवला.

दसरा आला आणि गेला. पवन राहिला. सहा महिन्यांत तो साळसूद झाला असे मात्र नाही. दूधवाल्यावर तो अजून भुंकतो, आणि मांजर दिसले की सारे शिक्षण विसरतो. पण चपला शाबूत आहेत, आणि मुलगा त्याच्याशेजारी बसून गणिते सोडवतो.

आता दिवाळीची चिंता. कुत्र्याला आपल्यापेक्षा किती तरी तीव्र ऐकू येते. म्हणून गणपतीपासूनच मुलाने फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी हळू लावून, त्याच वेळी पवनला खाऊ द्यायला सुरुवात केली. पवन निश्चिंत असेल तरच दुसऱ्या दिवशी आवाज किंचित वाढवायचा. लक्ष्मीपूजनाला फिरणे उजेडी उरकायचे, आतल्या खोलीत खिडक्या लावून रेडिओ लावायचा. घाबरून जवळ आला तर जवळ घ्यायचे. त्याने भीती वाढत नाही.

आणि फराळाचे ताट उंचावर! चॉकलेट कुत्र्याला विषारी, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण आपल्या तासगावचा बेदाणाही त्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतो, हे सांगलीकराला सांगूनही पटत नाही. परवा खालच्या वहिनींनी चिवड्यातला बेदाणा वेचून काढला आणि वाटीभर माझ्याकडे पाठवून दिला.