खरा ख्रिस्ती, नावाचा ख्रिस्ती आणि त्याची बायको

मध्यंतरी आमच्या अभ्यासमंडळात अमेरिकेतल्या गर्भपातबंदीवर बोलणे चालले होते. तिकडे बरीच वर्षे राहून आलेली एक कार्यकर्ती म्हणाली, "दक्षिणेतला ख्रिस्ती धर्म हा नुसता रिवाज आहे गं. सगळे चर्चचे सभासद, पण खरी श्रद्धा कुणाची? म्हणून तिथल्या बायकांचे हे हाल. उत्तरेला न्यू इंग्लंडमध्ये बघ, थोडेच लोक चर्चला जातात, पण जातात ते मनापासून." बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. मला ते मुळीच पटले नाही आणि ऐन वेळी धड बोलताही आले नाही. म्हणून हे लिहिते आहे.

तिच्या बोलण्यात खरे काही नाही असे नाही. अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी या पट्ट्यात नवा शेजारी राहायला आला की 'तुमचे चर्च कोणते' हा प्रश्न सहज विचारला जातो. सोयरीक, धंदा, निवडणूक, सगळ्याला ती ओळख लागते. व्हरमाँट किंवा न्यू हॅम्पशायरमध्ये तोच प्रश्न आगाऊपणाचा वाटेल. देशभर तर ही ओळख झपाट्याने पातळ होते आहे. गॅलपच्या पाहणीत १९९९ मध्ये ७० टक्के लोक कुठल्या ना कुठल्या चर्चचे, सिनेगॉगचे किंवा मशिदीचे सभासद होते, २०२० मध्ये ४७ टक्केच उरले. तिकडचे धर्मोपदेशकच 'नावाचे ख्रिस्ती' आणि 'खरे ख्रिस्ती' अशी विभागणी करून व्याख्याने देत असतात. प्रश्न एवढाच की ही विभागणी करताना मोजपट्टी कुणाच्या हातात असते, आणि मोजतात कुणाला?

या विभागणीच्या बाजूचा सगळ्यात वजनदार पुरावा आधीच मांडते, म्हणजे मी तो लपवला असे कुणी म्हणायला नको. ब्रॅडफर्ड विलकॉक्स या समाजशास्त्रज्ञाने २००४ च्या पुस्तकात दाखवले की नियमित चर्चला जाणाऱ्या सनातनी प्रोटेस्टंट नवऱ्यांच्या घरांत मारहाणीचे प्रमाण बरेच कमी सापडते आणि नावापुरत्या ख्रिस्ती नवऱ्यांच्या घरांत सर्वांत जास्त. हे मी नाकारत नाही. आमच्या सल्ला केंद्रातही माळकरी नवऱ्याने दारू सोडली आणि घर शांत झाले, असे दोन-तीन संसार मी पाहिले आहेत. पण त्याच केंद्रात "माळकरी आहे हो, तो कसा मारेल?" हे वाक्य बाईचे तोंड बंद करायला वापरलेलेही ऐकले आहे, सासूकडून, सरपंचाकडून, एकदा तर जमादाराकडून. सरासरी कमी असते तेव्हा जिला मार बसतो तिचे खरे कोण धरतो?

पेज पॅटरसन यांची गोष्ट ऐका. सदर्न बॅप्टिस्ट हा अमेरिकेतला सर्वांत मोठा प्रोटेस्टंट संघ, आणि हे गृहस्थ १९९८ ते २००० त्याचे अध्यक्ष. त्यांचे २००० सालचे एक ध्वनिमुद्रण २०१८ मध्ये लोकांपुढे आले. त्यात ते स्वतःच सांगतात. नवरा मारतो म्हणून एक बाई त्यांच्याकडे आली. त्यांनी सल्ला दिला, रात्री पलंगाशी गुडघे टेकून नवऱ्यासाठी प्रार्थना कर, आणि त्याचा राग वाढला तर तयारीत राहा. रविवारी ती चर्चमध्ये आली ती दोन्ही डोळे काळेनिळे घेऊन. 'आता झाले ना समाधान?' या तिच्या प्रश्नाला त्यांचे उत्तर होते, हो, झाले. कारण? तिला अजून दिसला नव्हता, पण नवरा पहिल्यांदाच चर्चला आला होता आणि मागे उभा होता.

एक नावाचा ख्रिस्ती खरा ख्रिस्ती होण्याच्या वाटेला लागला, त्याचा हा हिशेब! बाईचे दोन डोळे खर्ची पडले, एक पुरुष जमेला आला. आणि हे सांगणारा माणूस कुणी रिवाजापुरता चर्चला जाणारा नव्हे, श्रद्धेच्या कसोटीवर तो पहिल्या नंबरात बसेल. याच संघाने १९९८ मध्ये आपल्या मूळ श्रद्धापत्रातच कलम घातले की पत्नीने पतीच्या नेतृत्वापुढे प्रेमाने नमते घ्यावे. २००० मध्ये बायकांना पास्टरपद बंद केले. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर जॉर्जियातल्या आपल्या गावच्या चर्चमध्ये दर रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेत. स्त्रियांच्या दुय्यम स्थानाचे कारण देत त्याच वर्षी ते संघातून बाहेर पडले. आता सांगा, यात रिवाजी कोण आणि श्रद्धावान कोण? दोघेही श्रद्धावानच.

पॅटरसन यांना २०१८ मध्ये टेक्ससमधल्या धर्मविद्यालयाचे प्रमुखपद सोडावे लागले. तीन हजारांवर बायकांनी त्यांच्याविरुद्ध पत्रावर सह्या केल्या होत्या, त्याही त्याच संघातल्या भाविक बायका. २०२२ च्या चौकशीत बाहेर आले की संघाच्या कार्यालयात लैंगिक अत्याचाराचे आरोप असलेल्या धर्मसेवकांची ७०० हून अधिक नावांची यादी गुपचूप ठेवलेली होती. तक्रार घेऊन येणाऱ्यांना वर्षानुवर्षे सांगितले जाई की प्रत्येक चर्च स्वायत्त आहे, आम्ही काय करणार! पुढच्याच वर्षी केंटकीतल्या लुईव्हिल शहरातले एक चर्च, जिथे एक बाई तीस वर्षे पास्टर होत्या, आणि कॅलिफोर्नियातले प्रचंड सॅडलबॅक चर्च, बाई पास्टर चालत नाही म्हणून संघातून काढून टाकले. स्वायत्तता कुणासाठी आणि कधी, हे आपल्याला नवे नाही.

आता उत्तरेची गोष्ट. कनेटिकट हे न्यू इंग्लंडमधले सुशिक्षित राज्य. तिथे १८७९ च्या कायद्याने संततिनियमनाची साधने वापरणे हाच गुन्हा होता, लग्नाच्या जोडप्यालासुद्धा! कायदा केला प्रोटेस्टंटांनी, पुढे टिकवून धरला कॅथलिक धर्मसत्तेच्या वजनाने. तो रद्द झाला १९६५ मध्ये, तोही सर्वोच्च न्यायालयात ग्रिसवोल्ड खटला लढल्यावर. मॅसॅच्युसेट्समध्ये अविवाहितांना ही साधने मिळू लागण्यासाठी १९७२ उजाडावे लागले. दक्षिणेतल्या नॉर्थ कॅरोलायनाने मात्र १९३७ मध्येच सरकारी आरोग्यसेवेत संततिनियमन आणले होते, देशात सर्वांत आधी. (लगेच टाळ्या नकोत. त्याच राज्यात सरकारी मंडळाने हजारो लोकांची, बहुतेक बायकांची आणि पुढे पुढे काळ्या बायकांची, जबरदस्तीने नसबंदी केली.)

रिवाज आणि निष्ठा यांतला खरा फरक मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. लुइझियानाने १९९७ मध्ये 'करारविवाह' नावाचा कायदा केला. ज्यांना हवे त्यांनी सहज न मोडता येणारे लग्न स्वेच्छेने निवडावे. ऍरिझोना आणि आर्कन्सा मागोमाग आले. गल्लोगल्ली चर्च असलेल्या या राज्यांत किती जोडप्यांनी तो निवडला? शेकडा एक-दोन. स्वतःला बांधून घ्यायची वेळ आली तेव्हा श्रद्धा कुठे गेली कोण जाणे. दुसऱ्याच्या बाईला बांधायचे असले की मात्र विधानसभा भरते. मिसिसिपीत २०११ मध्ये फलित बीजालाच 'व्यक्ती' ठरवणारी दुरुस्ती लोकांसमोर मताला आली आणि देशातल्या सर्वांत धार्मिक समजल्या जाणाऱ्या त्या राज्याने ती ५८ टक्क्यांनी फेटाळली. मतपेटीशी एकटे असताना लोक तसे वागले. पण आमदारांनी २०१८ मध्ये पंधरा आठवड्यांनंतर गर्भपातबंदीचा कायदा केलाच, आणि त्याच खटल्यात जून २०२२ मध्ये अमेरिकेभरच्या बायकांचा घटनात्मक हक्क गेला. त्याच उन्हाळ्यात कॅन्सस या धार्मिक राज्यात ५९ टक्के लोकांनी गर्भपाताचा हक्क काढून घ्यायला नकार दिला.

आणि गर्भपाताला विरोध हीच बॅप्टिस्टांची सनातन श्रद्धा, असेही कुणी सांगू नये. १९७१ मध्ये सेंट लुइसच्या अधिवेशनात याच सदर्न बॅप्टिस्ट संघाने ठराव केला होता की बलात्कार, गर्भातले गंभीर व्यंग, आईच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला धोका अशा कारणांसाठी कायद्याने गर्भपाताला मुभा द्यावी. १९७९ पासून कट्टर गटाने संघाचा ताबा घेतला आणि श्रद्धा बदलली. बायबल तेच होते.

त्याआधी, १९६७ मध्ये, न्यूयॉर्कच्या जडसन मेमोरियल चर्चचे हॉवर्ड मूडी यांनी, मूळचे टेक्ससचे बॅप्टिस्ट हे, इतर पास्टर आणि रब्बींना बरोबर घेऊन अडलेल्या बायकांना सुरक्षित डॉक्टरकडे पोचवणारी सेवा उघडपणे सुरू केली. कायद्याने तुरुंगाची भीती होती. पुढे देशभरातले हजारावर धर्मगुरू या कामात आले. ही निष्ठा नव्हे तर काय? आपल्या रमाबाईंनीही १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लगेच आपल्या सद्सद्विवेकावर ताबा सांगणाऱ्या अँग्लिकन धर्माधिकाऱ्यांशी भांडण मांडले. १८८६ पासून अमेरिकेत फिरून शारदा सदनासाठी पैसा उभा केला, तो देणारी मंडळी बॉस्टनची होती.

तेव्हा दक्षिण-उत्तर आणि खरे-खोटे या चौकटीत बसणार नाही अशी एक बाई सांगते. फॅनी लू हेमर, मिसिसिपीच्या शेतमजूर. १९६१ मध्ये पोटातल्या गाठीसाठी शस्त्रक्रियेला गेल्या, डॉक्टरने न विचारता गर्भाशयच काढून टाकले. १९६२ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या, मळ्यावरचे घर आणि काम सुटले. १९६३ मध्ये विनोनाच्या तुरुंगात इतका मार खाल्ला की त्यातून शरीर पुरते कधी सावरले नाही. चर्चची भजने म्हणत त्या बसभर घाबरलेल्या माणसांना धीर देत. (गर्भपाताला त्यांचा विरोध होता, हेही सांगून ठेवते. त्यांना सोयीपुरते वापरायचे नाही.) त्याच काळात, त्याच राज्याच्या राजधानीत, जॅक्सनमध्ये, प्रार्थनेला आलेल्या काळ्या माणसांना गोऱ्या चर्चच्या पायऱ्यांवरून पोलिसांनी पकडून नेले. आत बाकांवर बसलेले लोक नियमाने दर रविवारी येणारे होते.