जुना टीव्ही : आधी निदान, मग निर्णय

१९८२ साली भारतात रंगीत प्रसारण सुरू झाले आणि काचेच्या नळीचा दूरचित्रवाणी संच दिवाणखान्यात मानाने विराजमान झाला. त्यांपैकी काही संच आजही पेढीच्या माडीवर किंवा आजोबांच्या खोलीत टिकून आहेत. असा संच बिघडताच तो भंगारात काढण्याची घाई होते. वास्तविक दोष कोठे आहे, हे पुष्कळदा पडदाच सांगत असतो.

आवाज येतो, पण चित्राऐवजी एकच आडवी पांढरी रेघ दिसते; अशा वेळी चित्र उभे पसरवणाऱ्या भागातील आयसी, कपॅसिटर किंवा सुटलेला डाख तपासावा लागतो. तोवर संच बंद ठेवावा, अन्यथा त्या रेघेचा पडद्यावर कायमचा व्रण उमटतो. कोपऱ्यात रंग विटल्यास जवळचा स्पीकर दूर करावा. त्यातील चुंबक हे कारण असू शकते. मग अर्धा तास मुख्य बटण बंद ठेवून संच पुन्हा सुरू करावा. त्या क्षणी नळीभोवतालचे वेटोळे पडद्यातील चुंबकत्व घालवते.

फ्यूज वारंवार जात असताना जाड तार घालणे, म्हणजे ताळा जुळेना म्हणून खोटी रक्कम मांडणे होय. दोष तसाच राहतो आणि आगीचा धोका वाढतो.

मागचे झाकण मात्र घरी कोणीही उघडू नये. रंगीत नळीला सुमारे २५,००० व्होल्टचा दाब असतो. प्लग काढल्यावरही नळीत विद्युतभार उरतो. कारागिराला लक्षणे नेमकी सांगावीत आणि बदललेला भाग मागून घ्यावा. नळीच निकामी झाली असेल, तर संच अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावा. तिच्या काचेत शिसे असते.