जाणत्या साहाय्यकाचे स्थान

राज्य चालते ते पहिल्या माणसाच्या नावावर, पण टिकते ते पुष्कळदा दुसऱ्या माणसाच्या जाणतेपणावर. याची साक्ष भोर-वेल्ह्याच्या मुलखाला बाहेरून आणावयास नको. १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे गेले आणि महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांकडे आला. त्या बिकट काळात पंतांच्या बरोबरीने राबून या डोंगराळ प्रदेशातील किल्ले मोगलांकडून परत मिळविण्यात शंकराजी नारायण यांचा वाटा मोठा होता. त्या कर्तबगारीतून सचिवपद आले आणि सचिवपदातून १९४८ पर्यंत टिकलेले भोर संस्थान उभे राहिले. परंतु शंकराजींचा शेवट सांगितल्याखेरीज ही हकीगत पुरी होत नाही. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा शंकराजी ताराबाईंच्या पक्षाशी शपथेने बांधलेले होते. समोर गादीचा दुसरा वारस उभा. शपथ मोडवत नाही आणि वारसावर शस्त्रही धरवत नाही. या पेचात त्यांनी आंबवडे येथे आत्मघात केला. अनुभवी दुय्यम अधिकाऱ्यापासून होणारा लाभ आणि त्याच्या वाट्याला येणारा पेच असे दोन्ही या एका चरित्रात एकत्र आले आहेत.

या पेचाची आज आठवण व्हावी, याचे कारण मात्र राजकारणातले नसून खेळाच्या मैदानावरचे आहे. व्यावसायिक फुटबॉलमध्ये संघ हरू लागला की प्रशिक्षकाला निरोप द्यावयाचा, हा शिरस्ता जगभर रूढ आहे. सगळे खेळाडू एका रात्रीत बदलता येत नाहीत आणि मालक स्वतःला बदलू इच्छीत नाही. बदलण्याजोगा उरतो तो प्रशिक्षकच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाच्या वेळी शिटी कोणी वाजवावयाची? भारतातील क्लबांनी या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही वर्षांत वारंवार एकच दिले आहे: परदेशी प्रमुखाच्या हाताखालील भारतीय साहाय्यकाने. हा साहाय्यक जितका अनुभवी तितके हे उत्तर सोपे आणि तितकेच ते फसवेही. कारण या उत्तराची किंमत कोणी मोजावयाची, हे आधी कोणीच ठरविलेले नसते.

दोनदा मिळविले, दोनदा सोडले

गोव्याचे क्लिफर्ड मिरांडा यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जानेवारी २०२० च्या अखेरीस एफसी गोवा संघाने सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाला दूर केले. साखळीतील तीनच सामने उरले होते. सूत्रे मिरांडांकडे आली. गोव्याने ते तिन्ही सामने जिंकले, शेवटचा तर जमशेदपूरविरुद्ध ५-० असा. साखळीतील अग्रस्थान मिळाले आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब हा मान गोव्याला लाभला. पुढील हंगामासाठी हुआन फेरांदो प्रमुखपदी आले आणि मिरांडा पुन्हा साहाय्यकाच्या आसनावर बसले.

तीन वर्षांनी हीच गोष्ट ओडिशात घडली. २०२३ मध्ये जोसेप गोंबाऊ यांच्यानंतर तेथेही मिरांडांकडे हंगामी सूत्रे आली. एप्रिलमध्ये कोळिकोड येथे बंगळूरचा २-१ असा पराभव करून ओडिशाने सुपर कप जिंकला. त्या क्लबचे ते पहिले मोठे यश. यानंतर थोड्याच दिवसांत ओडिशाने प्रमुखपदी ज्यांची नेमणूक केली ते गृहस्थ होते सर्जिओ लोबेरा! गोव्यात ज्यांच्या जागी मिरांडा आले होते, त्यांनाच ओडिशात मिरांडांनी जागा करून दिली. लोबेरा हे नामवंत प्रशिक्षक आहेत आणि त्यांची निवड अयोग्य होती असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न निवडीचा नाही, हिशेबाचा आहे. साहाय्यकाने आणलेला चषक क्लबच्या कपाटात जातो. त्याच्या खाती मात्र काय जमा होते?

लाभ कोणता, धोका कोणता

अनुभवी साहाय्यकाचा लाभ केवळ आणीबाणीपुरता नसतो. परदेशी प्रमुखाला खेळाचे शास्त्र ठाऊक असते. पण मडगावच्या मुलाला कोणत्या शब्दाने चेव येतो आणि मिझोरामचा मुलगा कोणत्या शब्दाने मिटून जातो, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. संघाबाहेर बसविलेला खेळाडू प्रमुखाशी बोलत नाही, साहाय्यकाशी बोलतो. तालमीत वस्तादाचा शब्द अखेरचा असला तरी नव्या पोराचा पट कोठे चुकतो हे त्याच्याबरोबर रोज माती अंगाला लावणारा जुना पैलवानच आधी ओळखतो, तसेच हे आहे.

त्याहून मोठा लाभ म्हणजे प्रमुखाला तोंडावर ‘नाही’ म्हणू शकणारा माणूस मिळणे. ब्रायन क्लफ यांच्यासारखा स्वयंभू प्रशिक्षक १९७४ मध्ये पीटर टेलर या आपल्या जुन्या सहकाऱ्याशिवाय लीड्सला गेला आणि ४४ दिवसांत बाहेर पडला. पुढे हीच जोडी नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये एकत्र आली, तेव्हा १९७९ आणि १९८० असा लागोपाठ दोनदा युरोपियन चषक त्या मध्यम वकुबाच्या क्लबात आला. नवशिका साहाय्यक आज्ञा पाळतो. जाणता साहाय्यक आज्ञा देणाऱ्याला वेळीच थांबवतो. अनुभवाची किंमत मोजावयाची ती यासाठी.

परंतु जो थांबवू शकतो, तो जागाही घेऊ शकतो. २०१९ च्या उन्हाळ्यात बायर्न म्युनिकने निको कोवाच यांच्या हाताखाली हान्सी फ्लिक यांना नेमले. फ्लिक हे जर्मनीच्या २०१४ च्या विश्वविजेत्या संघाचे साहाय्यक प्रशिक्षक. नोव्हेंबरमध्ये फ्रँकफुर्टकडून १-५ असा पराभव झाला, कोवाच गेले, फ्लिक आले आणि २०२० मध्ये बायर्नने जर्मन लीग, जर्मन चषक आणि चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही विजेतेपदे मिळविली. क्लबच्या दृष्टीने याहून अधिक लाभाचा सौदा नसेल. पण हे उदाहरण पाहिल्यावर अन्यत्रचा कोणता प्रमुख आपल्या शेजारी असा माणूस खुशीने बसवून घेईल? त्याला फ्लिकच्या पात्रतेविषयी शंका नसते; मालकाने ही नेमणूक कोणत्या हेतूने केली, याविषयी असते. म्हणूनच प्रमुख आपली माणसे बरोबर घेऊन येतो आणि क्लबने दिलेल्या स्थानिक साहाय्यकाला मानाचे पान मिळते, अधिकाराचे नाही. साहाय्यक कटकारस्थान करतो असे क्वचितच घडते. पण तो ते करील, या भीतीनेच त्याचा निम्मा उपयोग वाया जातो.

दुसरा धोका अल्पकालीन यशाच्या मोहाचा. मुंबई एफसीमध्ये प्रशिक्षक म्हणून घडलेल्या खालिद जमील यांनी २०१७ मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली होती. एवढी पुण्याई गाठीशी असूनही ते नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये साहाय्यक म्हणून काम करीत होते. जानेवारी २०२१ मध्ये जेरार्ड नुस गेल्यावर त्यांनी सूत्रे घेतली आणि अडखळणारा संघ बाद फेरीपर्यंत नेला. त्याच वर्षी त्यांना कायम करण्यात आले. पण पुढच्या हंगामात अकरा संघांत तोच संघ दहावा आला. यात जमील यांची पात्रता कमी ठरत नाही. हंगामी प्रमुखाला मिळतो तो आधीच्या कडक कारभारातून मोकळा झालेला आणि काही करून दाखविण्यास उतावीळ असलेला संघ. कायम प्रमुखाला संघ बांधावा लागतो आणि खेळाडूंची निवड, पैसा व मालकाचा धीर या गोष्टींशी झुंजावे लागते. दहा सामन्यांच्या परीक्षेवरून तीन वर्षांची नेमणूक करणे जितके चुकीचे, तितकेच ते दहा सामने घडलेच नाहीत असे वागणेही चुकीचे.

आणि तिसरी गोष्ट पुण्याने पाहिली आहे. २०१८ च्या हंगामात एफसी पुणे सिटीने मिगेल आंखेल पोर्तुगाल यांना स्पर्धा सुरू होते न होते तोच दूर केले. प्रद्युम रेड्डी यांच्याकडे हंगामी भार आला आणि वर्ष संपण्यापूर्वी फिल ब्राउन आले. २०१९ मध्ये क्लबच राहिला नाही. लीगमधील त्याची जागा हैदराबादने घेतली. संस्थेचा पायाच खचलेला असेल तर कितीही अनुभवी साहाय्यक केवळ टेकू ठरतो. टेकूने भिंत काही काळ उभी राहते, घर उभे राहत नाही.

इमान कोणाशी?

या तिन्ही धोक्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे आणि तो शंकराजींपुढेही होता: दुय्यम माणसाचे इमान कोणाशी? ज्याने काम दिले त्या प्रमुखाशी, की प्रमुख बदलला तरी राहणाऱ्या संस्थेशी? प्रमुखाबरोबर बाहेर पडावे तर संसार उघड्यावर येतो. मागे राहून जागा घ्यावी तर विश्वासघाताचा संशय येतो. हा पेच साहाय्यकाच्या स्वभावातून निर्माण होत नाही. त्याची नेमणूक करणाऱ्यांच्या मौनातून तो निर्माण होतो. मालक मनात म्हणतो, ‘वेळ आलीच तर हा आहे.’ हे तो प्रमुखाला सांगत नाही, साहाय्यकालाही सांगत नाही. विम्याचे संरक्षण हवे, पण हप्ता भरावयाचा नाही, असा हा व्यवहार आहे.

हे वेगळ्या रीतीने करता येते, याचा दाखला लिव्हरपूलने पूर्वीच दिला आहे. १९७४ मध्ये बिल शँकली निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या शेजारी पंधरा वर्षे राबलेल्या बॉब पेस्ली यांच्याकडे क्लबने सूत्रे दिली. हंगामी म्हणून नव्हे, पूर्ण विश्वासाने. पुढील नऊ वर्षांत सहा लीग विजेतेपदे आणि तीन युरोपियन चषक हे त्या विश्वासाचे फळ. पेस्ली शँकलींहून थोर होते की नव्हते, हा वाद निरर्थक आहे. त्यांना कोणाची जागा हिसकावून घ्यावी लागली नाही आणि मिळालेली जागा परत द्यावी लागली नाही, हे महत्त्वाचे.

भारतात हा विषय आता लांबणीवर टाकण्याजोगा राहिलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील राष्ट्रीय संघाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी मिरांडांकडे चेन्नईयिन संघाचे प्रमुखपद आले. दोघांनाही दीर्घकाळ हुलकावणी देणारे स्थान मिळाले ते नेमके टंचाईच्या वर्षात. व्यापारी हक्कांच्या करारावरून जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा हंगाम लांबणीवर पडला आणि काही क्लबांनी खेळाडू व प्रशिक्षकवर्गाचे वेतनही थांबविले. राष्ट्रीय संघापुढील वाटही सोपी नव्हती. सप्टेंबरमध्ये मध्य आशियाई स्पर्धेत तिसरे स्थान मिळाले, पण ऑक्टोबरमध्ये सिंगापूरकडून हार पत्करावी लागली आणि २०२७ च्या आशियाई चषकाची आशा मावळली. परदेशी परवडेनासा झाला म्हणून देशी आठवला, अशी ही गोष्ट असेल, तर पैसा परत येताच ती उलटही होईल. मग वीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस पुन्हा ‘वेळ आलीच तर’ या खात्यात जमा होईल.

याचा परिणाम केवळ दोन-चार नामवंतांपुरता राहत नाही. प्रशिक्षकाच्या परवान्यांची शिडी ‘डी’पासून सुरू होऊन ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि शेवटी ‘प्रो’ अशी चढत जाते. ती चढण्यास वर्षे लागतात, पदरचा पैसा लागतो. भोरच्या किंवा वेल्ह्याच्या शाळेतील एखाद्या क्रीडाशिक्षकाने त्या शिडीवर पाय ठेवावयाचा, तर तिच्या टोकाला काय आहे हे त्याला दिसले पाहिजे. तेथे ‘हंगामी’ एवढाच शब्द लिहिलेला असेल, तर तो शहाणा माणूस खालच्या पायरीवरूनच परत फिरेल. त्याच्यामागून येणारी मुलेही मग परतीचीच वाट धरतील.

करावयाचे ते फार अवघड नाही. साहाय्यकाचा करार प्रमुखाच्या कराराला बांधलेला नसावा. प्रमुख गेला म्हणून त्याचे वेतन जाऊ नये. त्याची निवड प्रमुखाच्या संमतीने व्हावी आणि त्याचे अधिकार लेखी असावेत. कोणता सराव त्याचा, कोणता निर्णय प्रमुखाचा, यात संदिग्धता नको. त्याने आपले मत प्रमुखाला सांगावे, मालकाच्या कानी लागू नये. मालकानेही त्याला तशी सवय लावू नये. आणि सूत्रे त्याच्याकडे आलीच, तर किती काळासाठी, कोणत्या कसोटीवर कायम करावयाचे आणि कायम न केल्यास त्याचे स्थान कोणते, हे आधीच नमूद असावे. अशा करारामुळे सगळ्याच नेमणुका यशस्वी होतील असे नव्हे. पण अपयश आले तर ते खेळातले अपयश असेल, एका माणसाच्या इमानाची ओढाताण करून पदरात घेतलेले नसेल. पराभवानंतरच्या सकाळी शिटी कोणाच्या हाती द्यावयाची, हे पराभवाच्या रात्री ठरविणाऱ्या क्लबांना अनुभवी साहाय्यक हवा असतो असे म्हणवत नाही. त्यांना हवा असतो तो आयत्या वेळी धावून येणारा आगीचा बंब.