देवनगरीला जाताना

बँकॉकला निघालो आहे, असे स्टाफरूममध्ये सांगितले की पुरुषमंडळी एका ठरावीक तऱ्हेने हसतात. त्यावर "आईला घेऊन चाललोय" असे म्हटले की ते हसू ओठांवरच वाळते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी ही दोन्ही वाक्ये एका दमात म्हटली आणि वर्षभर पुरेल एवढी करमणूक करून घेतली.

परत आल्यापासून ओळखीच्या निदान चार कुटुंबांनी "काय पाहावे, काय खावे, आणि कुठे फसू नये?" असे विचारले आहे. प्रत्येकाला वेगवेगळे सांगत बसण्यापेक्षा, या सदरात एरवी शब्दांचा कीस काढतो ती जागा यंदा या कामी लावावी म्हणतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा माझा अधिकार तर फारच मोठा आहे.

आधी नावापासून सुरुवात करतो; मराठीच्या मास्तराला दुसरे काय सुचणार? बँकॉक हे नाव आपण परके लोक घेतो. तिथला माणूस आपल्या शहराला 'क्रुंग थेप' म्हणतो. थेप म्हणजे देव, देवांची नगरी. पहिल्या राम राजाने १७८२ साली ही राजधानी वसवली. तिचे संपूर्ण नाव एका श्वासात म्हणता येत नाही. त्यात अमर आहेत, रत्न आहे, महेंद्र आहे, अयोध्या आहे, आणि इंद्राच्या आज्ञेवरून विश्वकर्म्याने हे नगर रचले अशी ग्वाहीसुद्धा आहे. हे मी आईला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मग परदेश कसला? आपल्याच माणसांकडे चाललोय की."

जायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत. एप्रिलात ऊन भाजून काढते, मात्र त्याच महिन्यात १३ ते १५ तारखांना 'सोंगक्रान', म्हणजे आपली संक्रांत असते आणि सारे गाव एकमेकांवर पाणी उडवते. घड्याळ दीड तास पुढे करायचे. १ मे २०२५ पासून आगमनाचे कार्ड पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत इंटरनेटवर भरावे लागते. ते फुकट आहे. पैसे मागणारा कोणी भेटला तर तो सरकारचा माणूस नव्हे. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते निघण्यापूर्वी वकिलातीकडून पडताळून घ्यावेत. आणि विमानतळ दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन म्यूआंग. दोन्ही शहराच्या वेगवेगळ्या दिशांना आहेत, तेव्हा परतीच्या तिकिटावर कोणता आहे तो चष्मा लावून पाहावा.

सुवर्णभूमीहून फया थायपर्यंत आगगाडी आहे. तिथून रस्त्याच्या डोक्यावरून धावणारी गाडी मिळते. ती १९९९ पासून चालू आहे. टॅक्सीत बसण्यापूर्वी 'मीटर' एवढाच शब्द उच्चारावा. मीटर ३५ बाटपासून सुरू होते. ड्रायव्हरने मान हलवून बोटांनी आकडा दाखवला तर हात जोडून पुढची टॅक्सी बघावी. पण खरी मौज नदीत आहे. चाओ फ्रया नदीतून नारिंगी निशाणाची होडी धक्क्याधक्क्यावर थांबत जाते, पत्र्याची नळी खुळखुळवीत कंडक्टर तिकिटे देतो, आणि एका काठाला राजवाडा, दुसऱ्या काठाला 'वाट अरुण', म्हणजे अरुणाचे देऊळ, असे शहर आपणहून समोर येते.

जेवणाची काळजी असलेल्या भगिनींसाठी आता दोन शब्द. शाकाहाराला तिथे 'मांग्सविरत' म्हणतात. जरा कान देऊन ऐका: मांसविरती! मात्र हा शब्द उच्चारला तरी स्वयंपाक्याचा हात माशांच्या पाण्याच्या बाटलीकडे जातोच, कारण त्यांच्या लेखी ते मिठासारखे आहे. म्हणून 'मै साइ नाम प्ला' हे शब्द पाठ करावेत. अर्थ, माशांचे पाणी घालू नका. त्याहून सोपे म्हणजे पिवळ्या पताकेवर तांबड्या अक्षरांत आपल्या नजरेला इंग्रजी १७ भासेल असे चिन्ह शोधावे. तो शब्द 'जे'. तिथे मांसमच्छी तर नाहीच, पण कांदालसूणही नसते. आईचे कार्तिकी पौर्णिमेपर्यंत कांदालसूण बंद असते. त्या 'सतरा नंबरा'ने आमची सहल तारली.

आता फसण्याचा विषय.

आईला बँकॉकात एकच गोष्ट पाहायची होती. राजवाड्याच्या आवारात पाचूच्या बुद्धाचे देऊळ आहे. (मूर्ती पाचूची नाही, हिरव्या जेडची आहे, आणि ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा तिची वस्त्रे बदलतात.) त्या देवळाभोवतीच्या ओवरीत भिंतीवर १७८ चित्रांत सगळे रामायण रंगवले आहे. ते पाहायला म्हणून सत्त्याहत्तराव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनिशी, ती पहिल्यांदा विमानात बसली होती. परतीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही राजवाड्याच्या पांढऱ्या भिंतीशी पोहोचलो. तोच इस्त्रीच्या शर्टातला एक सभ्य गृहस्थ हात जोडून पुढे आला. आज सकाळी भिक्षूंचा विधी आहे, राजवाडा दुपारी एकला उघडेल, तोवर ही टुकटुक तुम्हाला तीन देवळे दाखवील, फक्त वीस बाट, असे त्याने मोठ्या आपुलकीने सांगितले.

आई म्हणाली, "अरे, ती माणसं आत चाललीत की. बघ ना, रांग आहे."

"आई, तुला इथलं काय कळतंय?" मी म्हणालो. "गप्प बस जरा."

एक देऊळ पाहिले. दुसऱ्या देवळाऐवजी रत्नांचे दुकान आले. गार सरबत आले, मखमलीवर नीलम आला, 'मुंबईत दुप्पट भाव येईल' हेही आले. वर्गात वक्रोक्ती शिकवणारा हा इसम तो नीलम बोटात घालून पाहत होता. "अहो, उठा," असे म्हणून हिने माझी बाही धरली नसती, तर हा लेख लिहायला कागदाचे पैसे उरले नसते. काहीच घेतले नाही म्हटल्यावर टुकटुकवाला दिसेनासा झाला. भर उन्हात आम्ही बरेच चाललो, दोनदा चुकलो, आणि परत पोहोचलो तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. राजवाडा साडेआठला उघडतो आणि साडेतीनला तिकीट बंद होते. त्या दिवशीही तो सकाळपासून उघडाच होता.

आई काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. रात्री तिचा उजवा गुडघा सुजला. ही तेल चोळत बसली आणि मी खिडकीतून शहराचे दिवे बघत राहिलो. बापाच्या माघारी जिने मला शिकवले, तिला काय कळते हे मी भर रस्त्यात विचारले होते.

पहाटे तिनेच हाक मारली. "ऊठ. साडेआठला उघडतं ना?"

तिकीट माणशी ५०० बाट आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. नऊवारीला कोणी हरकत घेतली नाही, माझ्या अर्ध्या चड्डीतल्या पुढच्या गोऱ्या पाहुण्याला मात्र दारातच थांबवले. ओवरीत आईने काठी टेकली आणि चित्रे वाचू लागली. सेतूपाशी पांढरा हनुमान एका मासोळीकन्येची मनधरणी करताना दिसला. ती रावणाची मुलगी. त्यांच्या 'रामकियन'मधला हनुमान ब्रह्मचारी नाही. हे सांगावे की नाही या विचारात मी होतो, पण तिने विचारलेच. ऐकून "शिव शिव!" म्हणाली, आणि चार चित्रे पुढे गेल्यावर थांबून म्हणाली, "त्यांनी त्याला घरातला माणूस केला, एवढंच." गुडघ्याने सगळी भिंत काही होऊ दिली नाही. रावणवधाचे चित्र राहिले. "तो मेला हे मला ठाऊक आहे," असे म्हणून ती पायरीवर बसली.

शेजारीच 'वाट फो'मध्ये ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे. त्याच्या तळपायांवर शिंपल्याची १०८ शुभचिन्हे जडवली आहेत. २०१९ पासून भुयारी रेल्वेचे सनाम चाय स्टेशन जवळच झाले आहे. देवळांत बुद्धाकडे पाय करून बसू नये, कोणाच्या डोक्याला हात लावू नये, स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श करू नये. राजाविषयी थट्टेनेही बोलू नये; कायदा कडक आहे. अडचण आली तर प्रवाशांसाठीच्या पोलिसांचा नंबर ११५५.

त्या रात्री उशिरा आमचे विमान होते आणि संध्याकाळी लॉय क्रथोंग होता. त्यांच्या बाराव्या महिन्याची पौर्णिमा आणि आपली त्रिपुरी बहुधा एकाच दिवशी येतात. केळीच्या खांबाच्या चकतीवर पाने, फुले, उदबत्ती आणि मेणबत्ती लावून ती नदीत सोडतात. वर्षभर पाण्याचा जो अपराध घडला त्याची नदीकडे क्षमा मागायची, ही रीत. नदीदेवीला ते 'खोंगखा' म्हणतात, म्हणजे गंगाच.

धक्क्यावर गर्दी होती. आईला खाली वाकता येईना, म्हणून तिची चकती मी सोडली. मग माझी सोडताना म्हणालो, "आई, परवा तुला... काल, तुला बोललो ते..."

"हात धर आधी," ती म्हणाली. "पायऱ्या ओल्या आहेत."

तेव्हा मंडळी, बँकॉकला अवश्य जा. दारात कोणी 'आज बंद आहे' म्हणाले, तर रांगेकडे बघा. आणि बरोबर घरातले जुने माणूस असेल, तर ते काय म्हणते आहे ते आधी ऐका.