सहीआधीचा संकोच



शाळेचे नवे वर्ष सुरू होऊन महिना-दीड महिना लोटतो, वर्गशिक्षिकेची मुलांशी पुरती ओळख होते, आणि मग अमेरिकेतील आपल्या मराठी समाजातील काही घरांत शाळेकडून एक पत्र येते. आपल्या मुलाचे वाचन वयाच्या मानाने मागे आहे, किंवा त्याचे लक्ष एका जागी ठरत नाही, किंवा अलीकडे ते फार अबोल झाले आहे, तरी शाळेच्या मानसशास्त्रज्ञाकडून त्याची तपासणी करण्यास आपली लेखी अनुमती मिळावी, अशा आशयाचे ते पत्र असते. शाळेने आपल्या मुलाला वेड्यांत काढले, हा पहिला विचार मनात येतो. पत्र खणात जाते, पुण्या-नागपूरच्या आजी-आजोबांना त्याचा सुगावा लागू दिला जात नाही, आणि मंडळातील स्नेह्यांसमोर तर तो विषयच निघत नाही. मंडळाच्या कामानिमित्त अनेक कुटुंबांशी संबंध येत असल्यामुळे ही हकीकत आम्हांला अपरिचित नाही. म्हणूनच येथील शाळांमधील या मानसशास्त्रज्ञाचे कार्य कोणते, आणि त्याच्याकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे, याविषयी या अंकात सविस्तर लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

या व्यवसायाचा उगम एका शिक्षिकेच्या काळजीतून झाला, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेण्यासारखी आहे. 1896 साली फिलाडेल्फिया येथील एका शिक्षिकेने आपल्या चौदा वर्षांच्या विद्यार्थ्याला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील प्राध्यापक लाइटनर विट्मर यांच्याकडे नेले. मुलगा एरवी समजदार, पण शब्दांचे वर्णलेखन त्याला काही केल्या साधत नसे. विट्मर यांनी पद्धतशीर परीक्षण केले, तेव्हा त्याच्या दृष्टीतही दोष असून त्याला एकाच्या जागी दोन प्रतिमा दिसतात असे आढळून आले; आळस किंवा मंदबुद्धी म्हणून ज्या गोष्टीची संभावना झाली असती तिच्या मुळाशी असे निराळे कारण होते. त्याच वर्षी विट्मर यांनी त्या विद्यापीठात मानसशास्त्रीय चिकित्सालय उघडले. पुढे 1905 मध्ये पॅरिस येथे आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी, कोणत्या मुलांना अध्यापनात अधिक साहाय्य हवे हे ओळखण्यासाठी, आपली सुप्रसिद्ध कसोटी तयार केली. आणि 1915 मध्ये कनेक्टिकट राज्याने आर्नल्ड गेसेल यांची ‘स्कूल सायकॉलॉजिस्ट’ या हुद्द्यावर रीतसर नेमणूक केली. बुद्धी ही जन्मतः कायमची मोजून दिलेली वस्तू आहे, हे मत खुद्द बिने यांना मान्य नव्हते. ज्या कसोट्यांचे आपल्याला इतके भय वाटते, त्यांच्या आद्य कर्त्याचा हा विश्वास पालकांनी आवर्जून लक्षात ठेवावा.

या कार्याला कायद्याचे खरे बळ मिळाले ते 29 नोव्हेंबर 1975 रोजी. त्या दिवशी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी अपंग मुलांच्या शिक्षणासंबंधीच्या ज्या विधेयकावर सही केली, त्याच्या मजकुरातच असे नमूद होते की, या देशातील सुमारे 10 लाख अपंग मुले सार्वजनिक शिक्षणातून संपूर्णपणे वगळली गेली आहेत. 1990 मध्ये या कायद्याला ‘आयडिया’ या संक्षेपाने ओळखले जाणारे नाव मिळाले, 2004 मध्ये त्यात पुन्हा महत्त्वाच्या सुधारणा झाल्या, आणि त्यातील तरतुदी वाचताना पालकांच्या हक्कांविषयी त्यात केवढी दक्षता घेतली आहे हे पाहून मन प्रसन्न होते. पालकांच्या लेखी संमतीवाचून प्राथमिक तपासणी करता येत नाही. संमती मिळाल्यावर, राज्याने स्वतःची निराळी मुदत ठरवली नसेल तर, 60 दिवसांच्या आत ती पुरी करावी लागते. तपासणीला दिलेली संमती ही पुढील विशेष शिक्षणाला दिलेली संमती समजली जात नाही. मूल पात्र ठरल्यास त्याच्यासाठी ‘आयईपी’ नावाचा लेखी आराखडा तयार होतो, त्याचा दरवर्षी फेरविचार होतो, आणि तो आराखडा ठरवणाऱ्या बैठकीत आई-वडिलांना बरोबरीचे स्थान असते. पालकांनी स्वतः होऊन तपासणीचा अर्ज केल्यास शाळेला तो मान्य करावा लागतो, नाहीतर नकाराची कारणे लेखी कळवावी लागतात. कुटुंब कोणत्या व्हिसावर या देशात आले आहे, याचा या हक्कांशी काहीही संबंध नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. शालेय मानसशास्त्रज्ञ हा औषधे लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ नव्हे, आणि विषयांची निवड व कॉलेजचे अर्ज यांत मार्ग दाखवणारा कौन्सेलरही नव्हे. पदवीनंतर साधारणपणे तीन वर्षांचे शिक्षण आणि त्यात 1,200 तासांची उमेदवारी करून तो या पदावर येतो. मुलाची तपासणी म्हणजे केवळ एका टेबलाशी बसवून घेतलेली परीक्षा, असा अनेकांचा समज आहे; वास्तविक तो वर्गात मागच्या बाकावर बसून मुलाचे निरीक्षण करतो, शिक्षकांशी बोलतो, पालकांकडून जन्मापासूनची माहिती विचारून घेतो, आणि मग स्मरण, आकलन, वाचन, गणित, अवधान यांच्या निरनिराळ्या कसोट्या घेऊन, मूल नेमके कोठे अडते आणि कोठे सहज चालते, याचा तपशीलवार अहवाल लिहितो. पुष्कळदा त्यातून निघणारे उपाय अगदी साधे असतात: परीक्षेला थोडा अधिक वेळ, पहिल्या रांगेतील जागा, लांबलचक सूचनेऐवजी एका वेळी एकच सूचना, अक्षरांचे ध्वनी पुन्हा क्रमाने शिकवणारी शिक्षिका. याखेरीज वर्गात छळल्या जाणाऱ्या मुलाला आधार देणे, आई-वडिलांच्या विभक्त होण्याने खचलेल्या मुलीशी बोलणे, शाळेत एखादा मृत्यू घडल्यास साऱ्या विद्यार्थ्यांना सावरणे, आणि अवघड वाटणाऱ्या मुलाला कसे शिकवावे याविषयी शिक्षकांना सल्ला देणे, ही कामेही त्याच्याकडे असतात.

परंतु या अधिकाऱ्यांची संख्या फार अपुरी आहे. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या शिफारशीप्रमाणे 500 विद्यार्थ्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ असावा. देशाची सरासरी मात्र 1,000 हून अधिक विद्यार्थ्यांमागे एक अशी आहे, आणि एकाच व्यक्तीने दोन-तीन शाळा सांभाळाव्यात हे दृश्य दुर्मीळ नाही. ज्या मुलाचे पालक पत्राला उत्तर देत नाहीत, बैठकीला येत नाहीत, त्याचे प्रकरण अशा परिस्थितीत सहज मागे पडते. वाचनातील अडचण पहिली-दुसरीत लक्षात आली तर तिच्यावर उपाय करणे पाचवी-सहावीपेक्षा पुष्कळ सोपे असते. तेव्हा संकोचापोटी गमावलेली दोन वर्षे ही मुलाच्या आयुष्यातील फार मोलाची वर्षे होत.

भाषेचा प्रश्न आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. 1970 साली कॅलिफोर्नियात ‘डायना’ या नावाने ओळखला जाणारा एक दावा गाजला. स्पॅनिश बोलणाऱ्या नऊ मुलांना इंग्रजीतून घेतलेल्या कसोट्यांच्या आधारे मतिमंदांच्या वर्गात घातले होते. त्यांची स्पॅनिशमधून पुन्हा तपासणी झाली, तेव्हा बहुतेकांना तो शिक्का चुकीचा लागल्याचे उघड झाले. मुलाच्या अंगवळणी असलेल्या भाषेत त्याची तपासणी व्हावी, हे तत्त्व आता राष्ट्रीय कायद्यात समाविष्ट आहे, आणि बैठकीसाठी दुभाष्याची मागणी करण्याचा हक्कही पालकांना आहे. मराठी जाणणारा मानसशास्त्रज्ञ क्वचितच लाभतो. म्हणून मूल घरी कोणती भाषा बोलते, मराठीत पहिले वाक्य कधी बोलले, आजीने सांगितलेली गोष्ट त्याला नीट उमगते का, हे सारे पालकांनीच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. केवळ इंग्रजीत दिसणारी अडचण पुष्कळदा नव्या भाषेच्या सवयीची असते. दोन्ही भाषांत सारखीच दिसणारी अडचण अधिक बारकाईने तपासावी लागते. आपल्या मराठी शाळेतील शिक्षिकांचे निरीक्षण येथे अतिशय उपयोगी पडेल. जोडाक्षरांत अडखळणे किंवा ऱ्हस्व-दीर्घ चुकणे ही येथे वाढणाऱ्या प्रत्येक मुलाची गोष्ट आहे. परंतु सहाध्यायी पुढे गेल्यावरही जे मूल साध्या अक्षराचा ध्वनी ओळखण्यापाशीच थांबून राहते, त्याच्याविषयी पालकांच्या कानावर घालणे हे शिक्षिकेचे कर्तव्य आहे. आणि घरातील मराठीमुळे मुलाच्या वाचेचा विकास खुंटतो, असे कोणी सांगितल्यास ते मानू नये. दोन भाषांनी असा विकार उत्पन्न होत नाही.

ज्यांच्या प्रगतिपुस्तकावर उत्तम गुण आहेत, त्या मुलांविषयीही दोन शब्द लिहिणे आम्हांला अगत्याचे वाटते. आपल्या समाजात गुणांना जो मान आहे त्याचा आम्हांला अभिमानच आहे. परंतु आई-वडिलांनी देश सोडून घेतलेल्या कष्टांची परतफेड आपल्या यशानेच झाली पाहिजे, या ओझ्याखाली रात्र-रात्र जागणारी, एका गुणाने मागे पडताच स्वतःला अपराधी समजणारी मुले आपल्यामध्ये आहेत. ती घरी बोलत नाहीत, कारण आई-वडिलांना दुःख होईल. मित्रांत बोलत नाहीत, कारण तेथे स्पर्धा असते. अशा मुलाला शाळेत एक प्रौढ, प्रशिक्षित आणि विश्वासू व्यक्ती ऐकून घेण्यासाठी भेटते, तेव्हा पालकांनी ते आपल्या अधिकारावरचे आक्रमण समजू नये. मुलाच्या किंवा अन्य कोणाच्या जिवाला धोका असल्यास, किंवा मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय असल्यास, मुलाच्या बोलण्याची गुप्तता बाजूला ठेवून पावले उचलण्याचे बंधन त्या व्यक्तीवर असतेच. ज्यांना तातडीने आधार हवा आहे त्यांच्यासाठी जुलै 2022 पासून 988 हा तीन अंकी दूरध्वनी क्रमांक देशभर अहोरात्र उपलब्ध आहे. तो आपल्या प्रत्येक किशोरवयीन मुलाला ठाऊक असावा.

मुलाच्या दप्तरी कायमचा शेरा बसेल, ही भीती आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकतो. 1974 च्या कायद्याने शाळेतील मुलाचे दस्तऐवज पाहण्याचा, आणि त्यांतील चुकीच्या मजकुराची दुरुस्ती मागण्याचा, अधिकार पालकांना दिला आहे. अहवालातील प्रत्येक वाक्याचा खुलासा आपण मागू शकतो, आणि तो पटला नाही तर स्वतंत्र तज्ज्ञाकडून, सार्वजनिक खर्चाने, फेरतपासणीची मागणीही करू शकतो. ‘ढ’ आणि ‘मठ्ठ’ हे शेरे आपल्या लहानपणी मुलांच्या माथी बसत, तेव्हा त्यांच्याविरुद्ध दाद मागण्याची सोय कोठे होती? पन्नास-साठ मुलांच्या वर्गात मागे बसलेला एखादा बुद्धिमान मुलगा केवळ अक्षरे उलटसुलट दिसतात म्हणून छड्या खात राहिला, आणि त्याला समजून घेणारे कोणी भेटलेच नाही, असे उदाहरण आपल्यापैकी अनेकांच्या माहितीत असेल.

मनाची शास्त्रीय काळजी घेणे ही परकी रीत आहे, असेही कोणी समजू नये. पुण्यात 1962 साली अप्पा पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने मानसशास्त्रीय चाचण्यांना शिक्षणात मानाचे स्थान दिले, आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली सुरू केलेल्या मानसिक आरोग्याच्या संस्थेने हा विषय मराठी घराघरांत नेला. तिकडे आपली भावंडे ज्या गोष्टी मोकळेपणाने बोलू लागली आहेत, त्या आपण येथे लपवाव्यात याला काही कारण उरलेले नाही.

तेव्हा आमची विनंती अशी की, शाळेचे पत्र आल्यास त्याला मुदतीत उत्तर द्यावे. न समजलेले प्रश्न लिहून बैठकीला जावे, शक्य तर आई आणि वडील दोघांनीही जावे. आणि स्वतःला शंका वाटत असेल तर पत्राची वाट न पाहता लेखी अर्ज करावा. शिक्षण किंवा मानसशास्त्र या क्षेत्रांत काम करणारे, तसेच बैठकीत दुभाषी म्हणून सोबत येण्यास राजी असलेले जे सभासद असतील, त्यांनी आपली नावे कार्यकारिणीकडे द्यावीत; साहाय्य मागणाऱ्या कुटुंबाचे नाव कोणत्याही परिस्थितीत उघड केले जाणार नाही, याची हमी मंडळ देत आहे.

— संपादक