चष्मा काढल्यावर काय उरतं?

गेले दोन शनिवार काहीच लिहिलं नाही, कारण घरी बसून एक रिपोर्ट दुरुस्त करत होतो. खरं तर तो रिपोर्ट देऊन झाला होता आणि साहेबांना आवडलाही होता. मग दुरुस्ती कशाला? तेच सांगायचंय आज.

तर झालं असं. आमची कंपनी कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. मशीनवर सेन्सर लावायचे, डेटा गोळा करायचा आणि कुठलं मशीन कधी बिघडेल ते आधी सांगायचं. दरवर्षी पंधरा-वीस नवी पोरं-पोरी येतात. लातूर, सांगली, अमरावती, कुठून कुठून. त्यांना कारखान्यात पाठवण्याआधी कंट्रोल पॅनेल कसं उघडायचं, मेन स्विच बंद करून त्याला कुलूप कसं लावायचं, मगच हात कसा घालायचा, हे शिकवावं लागतं. शिकवायला एक सर आहेत. तीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढलेले, आवाज असा की माईक लागत नाही.

आमच्या मॅनेजरच्या डोक्यात आलं की हे ट्रेनिंग व्हीआरमध्ये घेऊ. (मराठीत 'आभासी वास्तव' म्हणतात, पण ऑफिसात तसं म्हटलं तर लोक चहाचा कप खाली ठेवून बघतील.) शिवाय निम्मी टीम घरून काम करते, मग मीटिंगाही त्यातच. मला बोलावून म्हणाला, "चार हेडसेट मागवलेत. दोन सॉफ्टवेअर महिनाभर फुकट वापरायला मिळतायत. तू जरा इव्हॅल्युएट करून सांग. जमलं तर पुढच्या बॅचपासून क्लासरूम बंद."

क्लासरूम बंद म्हणजे सरही बंद. हे तो बोलला नाही, मीही विचारलं नाही.

मग मी काय केलं? आपण इंजिनिअर लोक जे करतो तेच. एक्सेल शीट उघडली. एका बाजूला फीचर्स, दुसऱ्या बाजूला दोन्ही सॉफ्टवेअरची नावं. व्हाइटबोर्ड आहे? टिक. स्क्रीन शेअर होते? टिक. हाताची बोटं ट्रॅक होतात? टिक. एका वेळी किती माणसं, आवाज कसा, लॉगिन कसं... बेचाळीस ओळी झाल्या. मग प्रत्येकाला अर्धा तास हेडसेट घालायला दिला आणि नंतर एक फॉर्म भरून घेतला, पाचपैकी मार्क द्या म्हणून.

मार्क काय पडले विचारू नका! सगळे खूश. पहिल्यांदा हेडसेट घातला की माणूस लहान होतो हो. आमचा एक सिनिअर आर्किटेक्ट, एरवी कधी हसत नाही, तो हवेत हात फिरवत "अरे हे बघ, अरे हे बघ" करत खुर्चीला धडकला. मी ग्राफ काढले, रंग भरले, 'शिफारस: होय' लिहिलं आणि पाठवून दिलं.

त्यानंतर चार दिवसांनी कँटीनमध्ये नव्या बॅचमधली एक मुलगी भेटली. सहज विचारलं, "काय, कसं वाटलं व्हीआर?" ती इकडे तिकडे बघून म्हणाली, "दादा, कुणाला सांगू नका हं. मला दोन्ही वेळेला उलटी झाली. दुसऱ्या दिवशी तर डबापण खाल्ला नाही."

मी म्हटलं, "अगं, पण तू तर फॉर्मवर पाचपैकी पाच दिलेस!"

"फॉर्मवर एम्प्लॉयी कोड होता ना. प्रोबेशन आहे माझं."

बोला आता. बेचाळीस ओळींच्या शीटमध्ये 'उलटी होते का' ही ओळच नव्हती. आणि जिथे माणूस खरं सांगू शकला असता, तिथे मी त्याचा कोड लिहून घेतला होता.

तो शनिवार-रविवार वाचण्यात गेला. लाज वाटण्यासारखी गोष्ट अशी की हे प्रश्न जुने आहेत, लोकांनी ते नीट विचारून ठेवलेत. हेडसेटमध्ये किंवा सिम्युलेटरमध्ये मळमळ किती होते हे मोजायची प्रश्नावली १९९३ सालची आहे, अमेरिकन नौदलाच्या वैमानिकांच्या सिम्युलेटर ट्रेनिंगमधून आलेली. सोळा लक्षणं, प्रत्येकाला शून्य ते तीन. डोकं दुखतंय, घाम येतोय, तोंडाला पाणी सुटतंय, गरगरतंय. एक पान आहे, पाच मिनिटं लागतात. मी जन्मायच्या आधीपासून उपलब्ध आहे आणि मी ते वापरलं नाही.

दुसरी गोष्ट तर अजून साधी. हेडसेटच्या दोन भिंगांमधलं अंतर आपल्या डोळ्यांमधल्या अंतराशी जुळवावं लागतं. २०२० मध्ये एक अभ्यास झाला. व्हीआरचा त्रास बायकांना जास्त का होतो, हा प्रश्न होता. उत्तर निघालं की मोठं कारण हे न जुळणारं अंतर आहे. भिंगं नीट बसली की बायका आणि पुरुष यांच्यातला फरक जवळजवळ जातो. आता आमच्याकडे काय झालं होतं? सकाळी पहिला हेडसेट घातला आमच्या सहा फुटी आर्किटेक्टने. त्याच्यावर जे सेटिंग होतं तेच दिवसभर फिरलं. वेणीवर पट्टा बसत नाही म्हणून तिने तो सैल केला, म्हणजे भिंगं अजून खाली. चष्मेवाल्यांचे हाल वेगळेच. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता, दोष माझा होता. पण मार्क सॉफ्टवेअरला पडले, आणि तेही पाचपैकी पाच!

यातून माझं एक मत पक्कं झालंय. व्हीआर सॉफ्टवेअर हेडसेट घातल्यावर कसं वाटतं यावरून जोखायचंच नाही. तो काढल्यावर काय उरतं, कुणाला काय उरतं आणि किती दिवसांनी उरतं, यावर जोखायचं. नुसतं 'भारी वाटलं' हा निकष धरला तर व्हीआर प्रत्येक वेळी पास होणार, कारण भारी वाटायला लावणं हेच त्याचं काम आहे.

शिकण्याचंच बघा. २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ५२ कॉलेज विद्यार्थी, एकच विज्ञान प्रयोगशाळेचं सिम्युलेशन. एकदा साध्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, एकदा हेडसेटमध्ये. हेडसेटमध्ये आपण खरंच लॅबमध्ये आहोत असं मुलांना जास्त वाटलं. आणि शिकली मात्र कमी! मेंदूचे सिग्नलही मोजले होते. डोक्यावर ताण जास्त पडत होता. म्हणजे 'तिथे असल्यासारखं वाटणं' आणि 'डोक्यात जाणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या शीटमध्ये पहिलीला तीन ओळी होत्या, दुसरीला एकही नाही.

मग व्हीआर फालतू का? अजिबात नाही. उलटं उदाहरणही आहे. २००२ साली अमेरिकेत सर्जरी शिकणाऱ्या १६ डॉक्टरांवर प्रयोग झाला. अर्ध्यांना दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी सिम्युलेटरवर सराव दिला, बाकीच्यांना नेहमीचं शिक्षण. मग खऱ्या ऑपरेशनमध्ये, खऱ्या पेशंटचं पित्ताशय काढताना, कोण कसं करतंय ते पाहिलं. सराव केलेले २९ टक्के वेगवान होते आणि त्यांच्या चुका सहापट कमी होत्या. हे झालं मूल्यमापन! मार्क पेशंटच्या टेबलावर दिले, सिम्युलेटरच्या खोलीत नाही. आणि गंमत अशी की त्यात डोक्यावर हेडसेट नव्हताच. समोर साधा पडदा होता आणि हातात खऱ्यासारखी उपकरणं. कामाला आला तो हाताचा सराव.

आमच्या पॅनेलच्या ट्रेनिंगला हे थेट लागू होतं. हेडसेटमध्ये कुलूप लावताना आमची पोरं हवेत बोट दाबतात. खऱ्या पॅनेलवर मेन स्विचचा दांडा घट्ट असतो, कुलपाचं भोक नीट दिसत नाही, हातमोज्यात किल्ली सटकते. हे सगळं सर एका जुन्या पॅनेलवर करून घेतात. भंगारातून आणलंय, कंपनीला जवळजवळ फुकट पडलं. मी त्या पॅनेलशी व्हीआरची तुलना केली का? नाही. दोन व्हीआर सॉफ्टवेअरांची एकमेकांशी केली. दोन मिक्सर जोखत बसलो, घरातला पाटा-वरवंटा रेसमध्येच नव्हता.

आता मीटिंगांचं. इथे मी खरंच फसलो होतो, कारण मला स्वतःला आवडलं होतं. नागपूरचा मित्र माझ्या डावीकडे 'बसला' होता आणि त्याचा आवाज डावीकडून येत होता. दोघं एकदम बोलले तरी कळत होतं कोण बोलतंय. व्हिडिओ कॉलवर हे सुख नाही. पण पहिली मीटिंग वीस मिनिटांची होती. रोज आठ तास केलं तर? जर्मनीत संशोधकांनी २०२२ मध्ये हेच करून पाहिलं. आठवडाभर, ३५ तास, सगळं ऑफिसचं काम हेडसेटमध्ये. दोघांनी पहिल्याच दिवशी सोडलं. १६ जणांनी आठवडा पूर्ण केला, पण डोळ्यांचा ताण, वैताग, कामाचं ओझं, सगळं नेहमीच्या टेबलापेक्षा वाईट. आठवड्याच्या शेवटी थोडी सवय झाली एवढंच. आमच्याकडेही तिसऱ्या आठवड्यात काय झालं? नागपूरवाला म्हणाला, "अरे, चार्जिंग संपलंय, साध्या कॉलवर ये ना." पुढच्या वेळी मी म्हणालो. त्यानंतर कुणी म्हणालंही नाही, सगळे आपोआप साध्या कॉलवर. हेडसेट कपाटात. कुणी काय मार्क दिले यापेक्षा तिसऱ्या आठवड्यात कपाट किती वेळा उघडलं, हा आकडा जास्त खरा. तो मी नंतर लिहून काढला: शून्य.

अजून एक प्रश्न, जो आमच्या धंद्यातल्या माणसाला तरी पडायला हवा होता. हे दुकान उद्या बंद झालं तर? गुगलचं लाइव्हली २००८ च्या जुलैत आलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी गेलं. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये घेतलेलं ऑल्टस्पेस व्हीआर २०२३ च्या मार्चमध्ये बंद. मोझिलाने हब्ज चालवणं २०२४ च्या मे महिन्यात थांबवलं. मेटाचं वर्करूम्स २०२१ मध्ये केवढ्या गाजावाजात आलं होतं, ऑफिसचं भविष्य म्हणून! त्यालाही २०२६ च्या फेब्रुवारीत टाळं लागलं. या यादीत हब्ज तेवढं वेगळं. त्याचा कोड मुक्त होता, त्यामुळे मोझिला बाजूला झाल्यावरही लोकांना ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवता आलं. बाकीच्या ठिकाणी ज्यांनी वर्ग उभारले, खोल्या सजवल्या, त्यांनी सामान कुठे न्यायचं? म्हणून 'आमचा मजकूर बाहेर काढता येतो का' ही ओळ शीटमध्ये सगळ्यात वर हवी. माझ्याकडे ती एकतिसावी होती आणि मी विक्रेत्याच्या शब्दावर टिक केली होती. परवा प्रत्यक्ष काढून बघितलं तर फक्त फोटो निघाले.

तर नवा रिपोर्ट असा. मीटिंगांसाठी: नको. ट्रेनिंगसाठी: एकच भाग घ्या. वीज बंद न करता पॅनेल उघडलं तर काय होतं, तो स्फोट. ते सरांना जुन्या पॅनेलवर दाखवता येत नाही, आणि दाखवूही नये. दहा मिनिटं, खुर्चीत बसून, प्रत्येकाची भिंगं जुळवून. नको असेल त्याने तेच पडद्यावर बघायचं, कारण विचारायचं नाही. त्रासाचा फॉर्म बिननावाचा. अर्ध्या बॅचला हे द्यायचं, अर्ध्यांना नाही. बाकी सगळं सरांकडेच. आणि परीक्षा आठवड्यानंतर, खऱ्या पॅनेलसमोर, खऱ्या कुलपासकट. कुठल्या पोराने हेडसेट घातला होता हे सरांना न सांगता मार्क त्यांनी द्यायचे.

त्या मुलीचं नाव अर्थातच रिपोर्टमध्ये नाही. 'एका सहभागीला' असं लिहिलंय. शिफारस बदलण्याचं कारण म्हणून 'माझी मोजण्यात चूक झाली' असंही लिहिलंय. हे वाक्य लिहायला बाकीच्या नऊ पानांपेक्षा जास्त वेळ लागला.

मॅनेजरने काल वाचला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आधीचा रिपोर्ट जास्त छान होता रे."

होता खरा. ग्राफ तर एकदम झकास होते.

असो. पुढच्या महिन्यात नवी बॅच येतेय. सरांनी भंगारवाल्याकडून अजून एक पॅनेल आणलंय आणि ते स्वतः हेडसेट घालून बघायला तयार झालेत. त्यांची भिंगं मात्र मी स्वतः जुळवणार आहे.