वायरमनच्या प्रमाणपत्राचे मोल काय?

दत्तजयंतीस गाणगापुरात यात्रा लोटते, दिव्यांचा झगमगाट होतो. तो कोणाच्या हातांनी? भीमाकाठची जळालेली मोटार रात्रीतून कोण भरून देतो? औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षे घासून प्रमाणपत्र मिळविलेला आमचा वायरमन! त्याची मजुरी मात्र घासाघीस करूनच ठरते. काम नसले की चूल थंड.

मग तो सरकारी नोकरीकडे पाहतो. 2024 साली कर्नाटक विद्युत प्रेषण महामंडळाने कनिष्ठ पॉवरमन आदी 2,975 जागांची जाहिरात काढली. पात्रता काय? दहावी! कसोटी काय? खांब चढणे! निवड दहावीच्याच गुणांवर. दोन वर्षांच्या विद्येस कवडीचे मोल नाही. यात कन्नड वायरमनाचीही फसवणूकच आहे, हे आम्ही लपवीत नाही. पण कन्नड न शिकलेल्या आमच्या मुलास वर भाषेची परीक्षा! वीज कोणत्या भाषेत वाहते, हे महामंडळाने एकदा जाहीर करावेच.

1 नोव्हेंबर 1956 रोजी हा मुलूख म्हैसूर राज्यास जोडला गेला. विलीनीकरणाचा लढा आम्ही सोडलेला नाही. तूर्त मागणी एवढीच: निवडीत प्रमाणपत्रास गुण द्या, सीमाभागातील जागांवरून भाषेची अट उठवा, आणि ठेकेदारास किमान वेतन द्यावयास भाग पाडा.